शंभराचा चौकोन

सौंसर
४ नोव्हेंबर २०२४

प्रज्ञा,
जय भीम.

तुझा प्रिंटर परत पाठवला आहे. याच बसनं, याच पत्राबरोबर. खोक्याला दोन दोऱ्या बांधल्या आहेत, तरी खालून हात लावूनच उतरव. यंत्राचा काही गुन्हा नाही. गुन्हा पाठवणारीचा आहे.

फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू "हो मामाजी, हो मामाजी" करतेस आणि शेवटी तुझंच खरं करतेस. मोबाइलवर रागानं लिहायला गेलो तर तो मधेच माझे शब्द बदलून टाकतो. कागद काही बदलत नाही.

मी काय मागितलं होतं ते पुन्हा लिहितो. शाईचा प्रिंटर नको, कारण त्याची शाई पाण्याची. इस्त्री फिरवली की पसरते. लेझर हवा, कारण त्याचा टोनर म्हणजे बारीक प्लास्टिकची भुकटी. गुळगुळीत कागदावर सर्किट कार्डाचं चित्र छापायचं, कागद तांब्याच्या पाटीवर उपडा ठेवायचा, वरून इस्त्री. भुकटी वितळते आणि तांब्याला धरून बसते. मग पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात. उघडं तांबं खाल्लं जातं, भुकटीखालचं राहतं. झालं कार्ड. म्हणजे प्रिंटर जे छापेल तेच तांबं होणार. त्यानं रेघ फिकी काढली तर जोड तुटणार, त्यानं चित्र मोठं काढलं तर कार्ड मोठं होणार. हे मीच तुला शिकवलं, तू आठवीत असताना.

तुझ्या प्रिंटरचा काळा रंग चांगला आहे, खोटं बोलणार नाही. मागचं झाकण उघडलं की कागद न वळता सरळ बाहेर येतो, तेही चांगलं. पण शंभर मिलिमीटरचा चौकोन छापला तर तो एकशे एक भरतो. उभाही आणि आडवाही. तीन वेळा छापला, तिन्ही वेळा एकशे एक.

एका मिलिमीटरसाठी मामा एवढा का पेटला, असं तुला वाटत असेल. मग ऐक. बगीचेवाल्यांच्या शेडमधली संत्रा निवडायची मशीन बंद पडली आहे. तिचं कार्ड जळलं आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. ऐन तोडणीत बाया हातानं संत्री निवडून राहिल्या. बैठकीत हेमंत, शेडचा डिप्लोमावाला मॅनेजर, म्हणाला की अख्खं पॅनलच बाहेरून मागवू. मी मागच्या खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, "कार्ड मी घरी बनवून देतो. तीस नोव्हेंबरच्या आत." तर हेमंत हसून म्हणतो, "काका, कार्ड हाये ते, पापड नाही. घरी लाटून राहिले का?" सगळी शेड हसली. उर्वशीबाई रोज मला जय भीम घालते, तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

आजवरची माझी कार्डं वायरनं जोडायची असत, तिथे मिलिमीटर इकडेतिकडे खपलं. तू चित्र काढलेल्या या कार्डाची तीस पायांची लांब पट्टी मशीनच्या सॉकेटात जायची आहे. शेवटचा पाय बसला नाही तर भर शेडमध्ये दिलेला माझा शब्द गेला.

मोजलं कशानं, विचारशील. दुरुस्तीचं दुकान उघडलं तेव्हा तुझ्या आईनं दिलेल्या स्टीलच्या पट्टीनं. सव्वीस वर्षं माझ्या खिशात आहे. दुकानातलं सगळं बदललं, पट्टी नाही. तुझ्या प्रिंटरचा टोनरसुद्धा मी तिच्याच टोकानं पाटीवरून खरवडून काढला.

फोन करू नको. उचलणार नाही.

मोतीराम मामा


पांढुर्णा
७ नोव्हेंबर

मामाजी,
सप्रेम जय भीम.

खोकं मिळालं. खालून हात लावूनच उतरवलं. तुम्ही खरंच फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र उलट बसनं. बसवाला विचारत होता, "मॅडम, आजकाल चिठ्ठ्या कोण लिहिते?" मी म्हटलं, भांडणारे लिहितात.

तो प्रिंटर मी शिकवते त्या कॉलेजातून उगाच उचलून आणला नव्हता. जुन्यातले पाच पाहिले. एकाचा काळा राखाडी होता, दोघांचा कागद आतच वळसा घेत होता, एक मोठ्या काळ्या भागात मधेच पांढरे ठिपके सोडत होता. हा एकच धड होता. आणि पाठवण्याआधी मी त्याच्यावर शंभराचा चौकोन छापून मोजला होता. शंभर भरला.

तुम्ही छापताना "फिट टू पेज" राहिलं का ते बघा. ते सुरू असेल तर प्रिंटर स्वतःच्या मनानं चित्र लहानमोठं करतो. तिथे शंभर टक्केच पाहिजे. टोनर वाचवायची सोय असते, तीही बंद.

तरी विश्वास नसेल तर पेनड्राइव्ह पाठवते आहे. त्यात एकाच पानावर दोन चौकोन आहेत, एक शंभराचा, एक पन्नासाचा. तीनचार दुकानांत छापा, दोन्ही मोजा आणि आकडे कळवा. फक्त आकडे. शिव्या नकोत, त्या पाठ आहेत.

आई म्हणते, "त्याले म्हणा, आंधी जेव, मंग भांड."

प्रज्ञा


सौंसर
११ नोव्हेंबर

प्रज्ञा,

फिट टू पेज बंद होतं. शंभर टक्केच होतं. मला काय तू कालचा पोरगा समजून राहिली का?

आकडे हवेत ना, घे.

बसस्टँडवरची पूनम. काळा रंग झकास, पण रोलर मळका, कडेला डाग पडतो. शंभराचा एकशे एक, पन्नासाचा एक्कावन्न.

लोधीखेड्याचं दुकान. दुकानदार सांगतो टोनर नवा आहे, आणि छापून निघाली चाळणी. तो कागद उजेडात धरला तर पलीकडचा माणूस ओळखू येईल. शंभराचा एकशे एक, पन्नासाचा एक्कावन्न.

तुमच्या पांढुर्ण्याचा श्रीकांत झेरॉक्सवाला. यंत्र मोठं, काळा काजळासारखा, पण आतली उष्णता इतकी की कागद पापडासारखा वळून येतो. (पापड हा शब्द या महिन्यात माझा पिच्छा सोडत नाही.) शंभराचा एकशे एक, पन्नासाचा एक्कावन्न.

प्रत्येक कागद काउंटरवर ठेवून त्यांच्यासमोर मोजला. श्रीकांत म्हणाला, "भाऊ, तीस वर्षांत कोणी झेरॉक्स मोजून नाही पाह्यली." मी म्हणालो, म्हणूनच तू तीस वर्षं लोकांना फसवू शकला. पूनमशी तर जोरात वाजलं. ती म्हणाली, "काका, एका मिलिमीटरसाठी माह्या दुकानात ओरडू नका, गिऱ्हाईक पळून राहिले." मी म्हणालो, असल्या दुकानातून गिऱ्हाईक पळालंच पाहिजे.

आता तूच सांग. तुझा धरून चार प्रिंटर, चार ठिकाणचे, आणि चौघेही एकच आकडा सांगतात. सगळे एकदम कसे बिघडतील? बिघडलं आहे तुझं चित्र. मुळातच मोठं काढलं आहेस. आणि तू ते मोजलंस कशानं? कॉलेजातल्या प्लास्टिकच्या पट्टीनं, जी उन्हात ठेवली तर वाकते. माझी स्टीलची आहे, अजूनही टोकाला दगडावर धार लावली की कागद कापते. माझं शिक्षण दहावीचं. पण जे शिकलो ते हात जाळून शिकलो. तुझ्यासारखा भिंतीवर टांगायचा डिप्लोमा घेऊन नाही.

तुझी वाट बघत बसणार नाही. पूनमकडेच पुन्हा गेलो, कार्डाचं चित्र आणि तुझे चौकोन नव्व्याण्णव टक्के करून छापले. तिनं तोंड फिरवून छापून दिलं. आता शंभराचा शंभर भरतो. पन्नासाचा साडेपन्नास आला, तो तुझ्या चित्राचाच दोष, दुसरं काय. उद्या सकाळी इस्त्री आणि फेरिक. तुझी इंदूमामी म्हणते, "शर्टाले महिना झाला इस्त्री नाही, अन् पाटीले रोज."

मामा


पांढुर्णा
१३ नोव्हेंबर

मामाजी,

श्रीकांतच्या दुकानापासून आमचं घर तीन गल्ल्या आहे. तुम्ही पांढुर्ण्याला आलात, एक कागद मोजलात आणि परत गेलात. आईला हे श्रीकांतकडून कळलं.

भिंतीवर टांगलेल्या डिप्लोमाबद्दल मी काही लिहीत नाही. तो टांगायचा खिळा तुम्हीच ठोकला होता, पाण्याच्या नळीनं पातळी बघून, दोनदा तपासून.

नव्व्याण्णव टक्के करू नका. चित्र बरोबर आहे. याहून जास्त मी सांगणार नाही. तुम्ही दिलेले आकडे तुम्हीच वाचा.

प्रज्ञा


सौंसर
२० नोव्हेंबर

प्रज्ञा,

तुझ्या मनासारखं झालं.

कार्ड देखणं निघालं होतं. एक रेघ तुटली नाही, एक ठिपका सुटला नाही. तीस भोकं एक मिलिमीटरच्या ड्रिलनं पाडली, एकही कडेला सरकलं नाही. आणि मूर्खासारखा मी पायांची पट्टी शेडमध्येच, सगळ्यांसमोर बसवायला घेतली. बाराव्या पायापर्यंत सुरळीत. तेराव्यापासून अडायला लागली. शेवटचा पाय भोकात नाही, भोकाच्या कडेवर उभा. दाबलं तर तीन पाय वाकले.

पन्नास माणसं बघत होती. हेमंत मोबाइल काढून पॅनलवाल्यांचा नंबर शोधायला लागला. तेच जास्त झोंबलं. उर्वशीबाई म्हणाली, "मोतीरामभाऊ, अजून थोडंसं शेकाले पाह्यजे होतं का?" पुन्हा हशा.

तेव्हा मी जे बोललो ते तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच लिहितो. मी म्हणालो, "माझ्या कामात खोट नाही. चित्र माझ्या भाचीनं काढलं, डिप्लोमावालीनं. तिनं माप चुकवलं." सगळ्यांना पटलं. हेमंत तर म्हणाला, "असं होते काका, आजकालचे पोट्टे घाईनं करतात."

त्याला ते किती लवकर पटलं, हे मला अजून पटलेलं नाही.

दहा दिवस उरले आहेत. तुला माझे आकडे वाचून काय कळलं ते सरळ लिही. कोडी घालायला मी तुझ्या वर्गात बसलेलो नाही.

मामा


पांढुर्णा
२२ नोव्हेंबर

मामाजी,

सरळ लिहिते.

प्रिंटर चित्र मोठं करत असेल किंवा चित्रच मोठं काढलेलं असेल, तर ते सगळंच त्याच प्रमाणात मोठं होतं. शंभरावर एक वाढला, तर पन्नासावर अर्धा वाढायला हवा. तुमचा पन्नासावरही पुरा एकच वाढला. चार प्रिंटर, सात चौकोन, दरवेळी बरोब्बर एक. आणि नव्व्याण्णव टक्के केल्यावर पन्नासाचा साडेपन्नास आला, तोही तुम्ही लिहिलात आणि माझ्या नावावर टाकून पुढे गेलात. लहान चौकोन आणि मोठा चौकोन सारखाच चुकत असेल, तर चूक चौकोनात नाही. मोजणाऱ्या वस्तूत आहे.

तुमची पट्टी काढा. टोकापासून एक आकड्यापर्यंतच्या बारीक रेघांची घरं मोजा. दहा हवीत.

सव्वीस वर्षं तुम्ही त्या टोकानं पाट्या खरवडता, टोक बोथटलं की दगडावर घासता. दरवेळी केसाएवढं गेलं असेल. पण तुम्ही मोजायला सुरुवात त्याच टोकापासून करता. मी लहानपणापासून बघते आहे.

हे मला तुमच्या दुसऱ्या पत्रातच कळलं होतं. सांगितलं नाही. पहिलं कारण, तुमच्या त्याच पत्रात माझ्या डिप्लोमाला टोमणा होता. दुसरं, ती पट्टी आईनं दिलेली. तुमच्या दुकानात लोक बुटासकट आत येतात ते चालतं, पण त्या पट्टीला कोणी हात लावला की तुम्ही ओरडता. तिच्यावर मी बोट ठेवावं असं मला वाटत नव्हतं. आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा.

मी गप्प बसले, तेवढी माझी चूक. पण मी ती घरात ठेवली होती. तुम्ही तुमची घेऊन शेडमध्ये गेलात आणि पन्नास माणसांपुढे माझ्या नावावर टाकलीत. त्यातल्या तिघांच्या मुली माझ्या वर्गात शिकतात, मामाजी. काल एकीनं मला विचारलं, "मॅडम, तुमचं माप चुकलं होतं का?" मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. आता त्या पन्नास माणसांपुढेच ते परत घ्यायचं. मला पत्रातून माफी नको.

तो पहिला प्रिंटर माझ्याकडेच आहे, कोणाला दिला नाही. पण बसनं पाठवणार नाही. हवा असेल तर घरी येऊन न्या.

प्रज्ञा


सौंसर
१ डिसेंबर २०२४

प्रज्ञा,
जय भीम.

नऊ आहेत.

आधी चष्म्यानं मोजली, मग भिंगानं, मग मोडक्या सुईचं टोक एकेका घरात ठेवून. नऊच. रेघांच्या फटीत सव्वीस वर्षांची सोल्डरची राळ बसली होती, ती थिनरनं पुसल्यावर तर जास्तच स्पष्ट नऊ. इंदूला मोजायला सांगितलं. तिनं एकदाच मोजलं आणि म्हणाली, "नऊ. त्यात एवढं काय?" मी दोन दिवस तिच्याशीही बोललो नाही.

मंगळवारी तुझ्या घरी आलो तेव्हा तू कॉलेजात होतीस. तुझे तास कधी असतात ते मला ठाऊक आहे, म्हणूनच त्या वेळी आलो. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहायचं तर पुरं लिहायचं. तुझी आई घरी होती. मालतीनं पाणी दिलं. मी पट्टी काढून तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं ती उलटसुलट केली, टोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मी हे मोजाले देल्ली होती रे, खरवडाले नाही." एवढंच बोलली आणि भाजी चिरायला बसली. तू दोन पानं लिहिलीस, तिनं एका ओळीत घेतलं.

प्रिंटर घेऊन परत येताना आधी श्रीकांतकडे गेलो. मग लोधीखेड्याला, मग पूनमकडे. तिघांकडचे जुने कागद मी जपून ठेवले होते. प्रत्येकासमोर नव्या पट्टीनं पुन्हा मोजले, एकशे एक खोडून शंभर लिहिलं, एक्कावन्न खोडून पन्नास लिहिलं आणि खाली सही करून कागद त्यांना दिला. श्रीकांतनं तो काचेवर चिकटवला आहे, मेल्यानं. लोधीखेड्याच्या दुकानदाराला सांगितलं, माप बरोबर आहे, पण टोनर चाळणीच आहे. ते मी परत घेणार नाही. पूनम म्हणाली, "हे हळू आवाजातही सांगता येते तुम्हाले?"

कार्ड तुझ्या चित्राचं, तुझ्या प्रिंटरवर, शंभर टक्के. मागचं झाकण उघडं, गुळगुळीत कागद, टोनर भरपूर. पहिल्याच इस्त्रीत उतरलं.

काल तीस तारीख. शेड भरलेली होती. कार्डाची पायांची पट्टी सॉकेटावर ठेवली आणि दोन अंगठ्यांनी दाबली. तीसही पाय एका दाबात आत. मशीन सुरू झाली, पहिलं संत्रं घरंगळत गेलं आणि आपल्या खणात पडलं. बाया ओरडल्या. हेमंत खाली वाकून बघत होता. विचारतो, "काका, चित्र भाचीकडून सुधारून घेतलं वाटते?"

तिथे मी गप्प बसू शकलो असतो. काम झालं होतं, कोणाला काही पडली नव्हती.

मी जुनी पट्टी त्याच्या हातात दिली. म्हणालो, "एकपर्यंतची घरं मोज. मोठ्यानं." त्यानं मोजली. नऊवर थांबला. पुन्हा मोजली. उर्वशीबाईनं त्याच्या हातून ओढून घेतली, तिनंही मोजली. मग मी म्हणालो, "माझ्या भाचीचं चित्र पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तेच चित्र आज बसलं. चूक माझ्या खिशात होती, आणि मी नाव तिचं घेतलं."

हसले. पापडाच्या वेळेपेक्षा जास्त हसले. मी खुर्चीवर बसून पुरं ऐकून घेतलं. ज्या तिघांच्या मुली तुझ्या वर्गात आहेत, त्यांना थांबवून पुन्हा एकदा सांगितलं, घरी जाऊन सांगा म्हणून. या वेळी हेमंतला लवकर पटलं नाही, त्यानं दोनदा मोजलं, याचं मला बरं वाटलं.

आता माझा राग. तो गेलेला नाही. तुला कळलं होतं आणि तू मला नव्व्याण्णव टक्क्यांच्या खड्ड्यात जाऊ दिलंस. पट्टी तुझ्या आईची होती, मान्य. पण हिशेब चुकतो तिथे आईबिई काही नसतं, हेही मीच तुला शिकवलं होतं. माझा चुकत असेल तर त्याच दिवशी सांगायचं. मी ओरडेन. ओरडू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचं.

प्रिंटर माझ्याकडेच राहील. तुला चौकोन छापून लागले तर इथे ये, बसनं पाठवणार नाही.

मोजायला आता नवी पट्टी आहे. शंभराचा शंभर, पन्नासाचा पन्नास, दोन्ही दिशांनी, दोनदा. आणि मालतीला सांग, खरवडायला तिच्या पट्टीसारखी दुसरी नाही. किंवा तू नको सांगू. रविवारी तुझे तास नसतात, तेव्हा येऊन मीच सांगतो.

मोतीराम मामा